जेवणाच्या वेळी फोन नको

प्रश्न : मुलगी वीस वर्षांची, पुण्यात फ्रेंच घेऊन बीए करते, फ्रेंचची बी१ म्हणजे मधली पातळी झालीय. सप्टेंबरपासून एक सेमिस्टर फ्रान्समधल्या तूर शहरात, होस्ट फॅमिलीकडे. आम्ही शाकाहारी. रोज रात्री साडेअकराला व्हिडिओ कॉल ठरवलाय. ती कुठे जाते, कधी परतते हे त्या घरच्या बाईंनी आम्हाला कळवावं, असं पत्र मुलीकडूनच फ्रेंचमध्ये लिहून घ्यायचंय. ती तयार नाही. होस्टेल बरं का? – एक आई, सांगली

ताई, मुलीवर पाळत ठेवायची विनंती मुलीनेच लिहायची, हे वाचून मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं. ती नाही म्हणाली ते योग्यच केलं. तुमच्या अख्ख्या पत्रात तिला स्वतःला काय हवंय याची एक ओळही नाही. काळजी मला समजते. पण तूरला पोहोचल्यावर ती तुम्हाला मनातलं सांगेल की फक्त हजेरी देईल, हे तुम्ही आत्ता कसं वागता त्यावर ठरणार आहे.

होस्ट फॅमिली म्हणजे परदेशातली मावशी, हा गैरसमज आधी काढून टाका. ते लोक ठरलेले पैसे घेऊन खोली देतात, बहुतेक ठिकाणी सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण देतात. दुपारी ती बाहेरच जेवेल. ‘फॅमिली’ म्हटलं तरी घरात कित्येकदा निवृत्त झालेल्या एकट्या बाईच असतात. रात्री जेवायला येणार नसाल तर आधी कळवा, न विचारता स्वयंपाकघरात फोडणी घालू नका, अशी शिस्त तिथे असते आणि ती पाळायलाच हवी. पण फ्रान्समध्ये १९७४ पासून अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो. वीस वर्षांच्या मुलीच्या जाण्यायेण्याचा हिशेब त्या बाई तुम्हाला का देतील?

आता तो साडेअकराचा फोन. सप्टेंबरात फ्रान्स आपल्या साडेतीन तास मागे असतो. म्हणजे तिथे रात्रीचे आठ, नेमकी जेवणाची वेळ. पाव ताटलीत न ठेवता शेजारी टेबलावरच ठेवलेला, शेवटी चीज, आणि मध्ये तासभर गप्पा. आपलं ‘ते टेबल’ फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, ‘ला ताब्ल’. ती चुकून पुल्लिंगी ‘ल ताब्ल’ म्हणेल, बाई हसून दुरुस्त करतील, पुन्हा म्हणून घेतील. बी१ च्या मुलीला याहून चांगली शिकवणी कुठे मिळणार? तेवढ्यात तुमचा फोन वाजला की ती उठून खोलीत जाणार. रोज. फोनची वेळ तिला ठरवू द्या.



शाकाहाराचा प्रश्न मात्र खरा आहे. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर ‘मासे चालतील ना?’ असं विचारणारे भेटतात. कीश या खाऱ्या टार्टमध्ये, सॅलडमध्येही लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. कामाम्बेर, काँते अशी पारंपरिक चीज वासराच्या जठरातलं, दूध घट्ट करणारं रेनेट वापरून करतात. ते चालणार का, हे तिला ठरवू द्या.

होस्टेलचं विचारलंत. पाळतीचं पत्र जाणारच असेल तर खुशाल होस्टेल घ्या, त्या घराचा तिला काही उपयोग होणार नाही. नसेल तर माझं मत घराच्या बाजूने आहे. त्या बाईंना पत्र तिलाच लिहू द्या : मी कोण, काय खाते, काय खात नाही, काय शिकायला येतेय. आणि ते तपासायला मागू नका.