ढगाळ दिवशी खिडकीत बसलेल्या मांजरीचा फोटो काळपट येतो, काय करू?

मागचं पांढरं आभाळ बघून कॅमेरा आपणहून उजेड कमी करतो, म्हणून मांजर काळी पडते. खिडकीसमोर उभं न राहता भिंतीला लागून बाजूने बसा. मोबाइलवर मांजरीच्या डोळ्यावर बोट टेकवा आणि उजेड थोडा वर सरकवा. कॅमेरा असेल तर शटर, म्हणजे फोटो टिपायचा वेळ, १/२५० सेकंद आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, १६०० बिनधास्त ठेवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. घरातला पिवळा बल्ब बंद. फ्लॅश नकोच.

आमच्या जळगावात झाकोळलेलं आभाळ म्हणजे पर्वणी. मेच्या उन्हात असा मऊ उजेड कुठला? शिवाय कमी उजेडात बाहुल्या मोठ्या होतात, डोळे गोड दिसतात. मान वळवायला केळीच्या वेफर्सची पुडी चुरचुरवा. आमची मनी तेवढ्यालाच जागी होते.