साडेतीन आण्यांचे तिकीट

"माझ्याजवळ फारसे काही नाही, मग मला हा छंद आहे असे कोणत्या तोंडाने सांगू?" हा प्रश्न मी वेगवेगळ्या निमित्ताने ऐकत आले आहे, कधी तो पुस्तकांबद्दल असतो, कधी फाउंटन पेनांबद्दल, कधी जुन्या ध्वनिमुद्रिकांबद्दल.

साताऱ्याकडचे एक गृहस्थ, शाळेत प्रयोगशाळा सहायक, टपाल तिकिटांबद्दल हेच विचारायला माझ्याकडे आले होते (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). "मॅडम, प्रदर्शनात लोकांचे अल्बम पाहिले की माझी वही पिशवीतून बाहेर काढवत नाही," ते म्हणाले. ही उणीव भरून काढण्यासाठी ते वजनावर मिळणारी तिकिटांची पाकिटे दर महिन्याला मागवत आणि पत्नीपासून तो खर्च लपवत. त्यांतली बहुतेक पाकिटे न फोडताच कपाटात पडून होती. पाकिटाची वाट पाहण्यात आनंद होता. ते हाती आले की तो ओसरे आणि पुढच्या पाकिटाची ओढ लागे.

पुढच्या भेटीला मी त्यांना सर्वांत आवडते असे एकच तिकीट आणायला सांगितले. त्यांनी आणला तो एक अख्खा, कडा झिजलेला लिफाफा. मोंबासाला नोकरीस असलेल्या चुलत आजोबांना साताऱ्याहून गेलेले ते पत्र आजोबांनी परतताना सोबत आणले होते. त्यावर स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट होते: फडकता तिरंगा, कोपऱ्यात देवनागरीत 'जयहिंद', किंमत साडेतीन आणे. २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघालेले हे तिकीट परदेशी टपालासाठी होते आणि देशांतर्गत पत्रांसाठीचे दीड आण्याचे, अशोकस्तंभाचे तिकीट १५ डिसेंबरला आले, हे त्यांनी स्वतः शोधून काढले होते. तिकीट पाण्यात भिजवून सुटे केले तर अर्धा शिक्का लिफाफ्यावरच राहील, म्हणून त्यांनी ते कधी सोडवले नव्हते. अर्धा तास ते न अडखळता बोलत होते, आणि त्यात एकदाही त्यांना दुसऱ्या कोणाचा अल्बम आठवला नाही.

तो अर्धा तास हाच त्यांचा छंद होता, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि मी ते त्यांना तसेच सांगितले. पाकिटांची खरेदी ही प्रदर्शनात वाटणाऱ्या संकोचावरची मलमपट्टी होती. तीन महिने काहीही विकत घ्यायचे नाही आणि रोज वीस मिनिटे वहीतल्या एकाच तिकिटाजवळ बसायचे, एवढेच आम्ही ठरवले. पहिले काही आठवडे त्यांना जड गेले. एकदा त्यांनी पाकीट मागवलेही. मात्र या वेळी त्यांनी ते पत्नीला सांगितले, आणि मला ते अधिक मोलाचे वाटले.

न फोडलेली पाकिटे त्यांनी शाळेतल्या मुलांना वाटून टाकली. शेवटच्या भेटीत त्यांनी तोच लिफाफा पुन्हा आणला होता, सोबत प्रयोगशाळेतले भिंग. मागच्या बाजूला मोंबासाला पत्र पोचल्याचा पुसट शिक्का होता. त्यातली तारीख लागली तर पत्राला किती दिवस लागले ते कळेल, असे म्हणत त्यांनी भिंग माझ्या हातात दिले आणि लिफाफा खिडकीच्या उजेडाकडे वळवला.