जीवाश्मातलं अस्मान

नागपूरच्याच एका पालकांचा प्रश्न: मुलीनं प्रकल्पात 'मांगलीचा उभयचर जीवाष्म' लिहिलं, बाईंनी 'ष्म'वर लाल रेघ ओढली. बरोबर कोण? आणि उभयचर म्हणजे बेडूकच ना?

बाई बरोबर. जीव अधिक अश्म, जीवाश्म. पोटफोड्या ष नाहीच. ग्रीष्म, भीष्म, ऊष्मा यांच्या ओढीनं हात तिकडे जातो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ऊष्मा डोक्यातून हलत नाही हेही मान्य. पण 'अश्मयुग' लिहिताना कोणी चुकत नाही. मागं जीव लागला की काय होतं बाप्पा?

खरी गंमत 'अश्मन्'ची. वेदात तो दगड; पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तात, 'अस्मन्' म्हणजे दगडही आणि आकाशही, कारण आकाश म्हणजे दगडी घुमट! अडीच हजार वर्षांपूर्वी इराणचा सम्राट दारयवहू (डरायस) याच्या शिलालेखात हाच शब्द आभाळासाठी कोरला आहे. पुढे फारसी आसमान, मग आपलं 'अस्मानी-सुलतानी' आणि आखाड्यातलं 'अस्मान दाखवणं'. म्हणजे चीत झालेल्या पैलवानाला जे दिसतं ते आणि जीवाश्मातला अश्म सख्खे भाऊ. जुन्या फारसी कोशकारांनी मात्र 'आस' म्हणजे जातं आणि 'मान' म्हणजे सारखं, अशी फोड करून आभाळाला जात्यासारखं गरगर फिरवलं. शिलालेख डोळ्यांपुढे असता तर हे दळण दळलं नसतं.

ग्रीकमध्ये याच घराण्यातला 'आक्मोन' म्हणजे ऐरण. इंग्रजी 'हॅमर'ही यातलाच, असं माझं ठाम मत. काही भाषाशास्त्री नाक मुरडतात, मुरडोत. पहिला हातोडा दगडाचा नव्हता तर काय लोण्याचा होता? जीवाश्म काढायला अश्म फोडायचा, तोही अश्मानंच!

हां, बेडूक. नव्हे. नागपूरच्या दक्षिणेला मांगलीच्या खडकातला हा जीवाश्म म्हणजे एक कवटी; ती मिळवली स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी. हिस्लॉप कॉलेजचे तेच हिस्लॉप. १८५५ मध्ये इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी तिला ब्रॅकिऑप्स नाव दिलं, ग्रीकमध्ये 'आखूड तोंडाचा'. कवटी रुंद, बसकी, डोळे पार पुढं. या कुळातल्यांच्या कवटीवर बारीक खोबणी असतात. पाण्यातली हालचाल टिपणारं, माशांना असतं तसं इंद्रिय तिथं बसायचं. तेव्हा गट उभयचरांचा, मुक्काम मुख्यतः पाण्यातच. 'उभयचर' राहू द्या, 'ष' खोडा.