नवी प्रजाती की अर्धवट वाचन?

प्रश्न: मुलगी सोलापुरात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये ज्वारीच्या रानातल्या काळ्या मातीतून तिला एक ॲक्टिनोमायसीट (धाग्यांसारखा वाढणारा जिवाणू) मिळाला. १६एसची (जिवाणूची ओळख पटवणाऱ्या जीनची) जुळणी ९८.२ टक्के आली, म्हणून सगळे नवी प्रजाती म्हणतात. तिने यावरच पीएच.डी. करावी की औषध कंपनीतली क्यूसीची (गुणवत्ता तपासणीची) नोकरी धरावी? रिपोर्ट जोडला आहे.
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर: नमस्कार. रिपोर्टात फक्त ७२० बेस (डीएनएची अक्षरं) वाचलेत आणि शेवटच्या भागात जागोजागी ‘एन’ आहे, म्हणजे मशीनला तिथलं अक्षर ओळखता आलेलं नाही. हा जीन साधारण १,५०० बेसचा असतो. अशा टोकाला चुकीचं वाचलेलं प्रत्येक अक्षर फरक म्हणून मोजलं जातं, त्यामुळे पूर्ण वाचनात हा आकडा सहज ९९ च्या वर जाऊ शकतो. २७एफ आणि १४९२आर प्रायमरनी (वाचन सुरू करून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) दोन्ही बाजूंनी वाचून घ्या, खराब टोकं छाटा. ब्लास्ट या जुळणी शोधणाऱ्या साधनातलं पहिलं नाव उचलू नका. तुलना टाइप स्ट्रेनशीच (प्रजातीच्या अधिकृत नमुन्याशीच) हवी. पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) जमत नसेल तर तिच्या हाताला दोष देऊ नका. या जिवाणूंच्या डीएनएत जीसी (जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण) ७० टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे धागे सुटत नाहीत; ५ टक्के डीएमएसओ (धागे सुटायला मदत करणारं रसायन) घालून पाहावं.

जुळणी ९८.६५ च्या खाली राहिली तर पुढे जाण्यात अर्थ आहे. मात्र स्ट्रेप्टोमायसीस (ॲक्टिनोमायसीटांतला एक मोठा गट) असेल तर वरच्या आकड्यानेही दार बंद होत नाही, तिथे १६एस फार तोकडा पडतो. निकाल जिनोमचा (पूर्ण डीएनएचा): जवळच्या टाइप स्ट्रेनशी एएनआय (दोन जिनोममधलं सरासरी साम्य) ९५-९६ टक्क्यांच्या खाली, डिजिटल डीडीएच (संगणकावर काढलेलं डीएनए-साम्य) ७० टक्क्यांच्या खाली. मग पेशीतल्या रसायनांची तपासणी: पेशीभित्तिकेतलं डीएपी, मेनाक्विनोन, फॅटी ॲसिड. शेवटी दोन वेगवेगळ्या देशांतल्या कल्चर कलेक्शनमध्ये (जिवंत सूक्ष्मजीवांच्या संग्रहांत) जमा करणं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टात हे मावत नाही.

पीएच.डी. एका कल्चरवर ठरवू नये, हे माझं स्पष्ट मत. हा जीव उद्या जुनाच निघाला तर विषयच संपेल. तिला वर्गीकरणाची खरी ओढ असेल तर सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) मिळवावी आणि पुण्यातल्या एनसीएमआर, एनसीआयएमसारख्या कल्चर कलेक्शनकडे पाहावं. जोडीला लिनक्सवर जिनोम जुळवायला शिकावं. नेट होईपर्यंत क्यूसीची नोकरी धरली तरी काही बिघडत नाही; निर्जंतुक काम आणि नोंदींची शिस्त तिथे अंगी लागते.

आधी मात्र कल्चर शुद्ध आहे का ते बघा. ही कॉलनी चामड्यासारखी आगारात रुतते आणि तिच्या आडोशाला बॅसिलस हा दुसराच जिवाणू लपतो. आयएसपी-२ या माध्यमावर तीनदा रेघा ओढाव्यात. आगारात कव्हरस्लिप ४५ अंशांच्या कोनात खोचून २८ अंश सेल्सिअसला १० दिवस ठेवावी. उचलली की बीजाणूंची साखळी सरळ आहे की मळसूत्रासारखी, ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. सारखं सबकल्चर केलं (नव्या आगारावर वाढवत राहिलं) तर ही साखळी धरणंच थांबू शकतं. म्हणून याच आठवड्यात २० टक्के ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० अंशांना, दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवा. सोलापूरच्या मे महिन्यात वीज गेली तर एक तरी वाचेल.