पगार बरा आहे, तरी नोकरी सोडावीशी का वाटते?

"मॅडम, पगार वेळेवर होतो, कंपनी फार लांब नाही, कुणी हाकलतही नाहीये. तरी रोज सकाळी वाटतं, आज पेपर टाकावा आणि मोकळं व्हावं. माझंच काही चुकतंय का?"

मी समुपदेशक आहे. आयटीतली मुलं मला हे विचारतात, बँकेतल्या बायका विचारतात, चाकण-रांजणगावच्या कारखान्यांतले सुपरवायझर विचारतात. घरच्यांचा प्रश्न थोडा वेगळा असतो: "एवढी चांगली चाललेली नोकरी, याला झालंय तरी काय?" या दोन्ही प्रश्नांना उत्तर देणारी एक केस सांगते. संबंधितांची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आपण त्यांना सुहास म्हणू.

सुहास यांचं वय 36, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या चाकण परिसरातल्या एका कारखान्यात 11 वर्षं क्वालिटी विभागात होते. मोशीत फ्लॅट, त्याचा हप्ता, तिसरीतली मुलगी, पत्नी शिक्षिका, वडील एसटीतून निवृत्त झालेले. अपॉइंटमेंट पत्नीनेच घेतली होती. दुसऱ्या कंपनीची 25 टक्के वाढीची ऑफर हातात होती, तरीही त्यांचा निर्णय होत नव्हता. मला हेच खटकलं. पगारासाठीच सोडायचं असेल, तर एवढी वाढ समोर असताना माणूस समुपदेशकाकडे येत नाही, पेढे घेऊन घरी जातो.

पहिल्या भेटीत त्यांनी कारणं सांगितली. इन्क्रिमेंट तुटपुंजं, शनिवारची सुट्टी हुकते, मागून आलेला मुलगा पुढे गेला. त्यातलं एकही खोटं नव्हतं, पण सांगताना त्यांच्या आवाजात ना राग होता ना दुःख. दुसऱ्या कुणाची तक्रार वाचून दाखवावी तसं ते बोलत होते.

नोकरीचा प्रश्न घेऊन कुणी आलं की मी आधी नोकरीबद्दल विचारत नाही. झोप कशी आहे, जेवण जातं का, दारू वाढली आहे का, जगणंच नकोसं वाटतं का, हे विचारते. नैराश्यात सगळंच नकोसं होतं, त्यात नोकरीही आली. अशा वेळी घाईने राजीनामा दिला तर नवीन कंपनीतही तेच दिवस येतात, आणि वर आर्थिक ओढाताण. मग विचारते, सुट्टीत मन लागतं का? सुहास रविवारी मुलीला सायकल शिकवत होते, गणपतीच्या सजावटीत रात्र-रात्र रमले होते. म्हणजे जे काही नकोसं होतं, ते कंपनीच्या गेटच्या आत होतं. (ज्यांचं सुट्टीतही कशातच मन लागत नाही, त्यांनी राजीनाम्याचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटावं. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.)

हल्ली लोक स्वतःच निदान करून येतात: "मला बर्नआउट झालाय." जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार म्हणून नोंदवलेला नाही. कामाशी जोडलेली अवस्था म्हणून त्याची नोंद आहे. त्यात तीन गोष्टी येतात: थकवा, कामावरून मन उडणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. सुहास थकलेले नव्हते. पण त्यांचं मन पुरतं उडालं होतं. काम कमी करून किंवा आठ दिवस महाबळेश्वरला जाऊन ते परत येणार नव्हतं.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना विचारलं, "सोडावं असं पहिल्यांदा कधी वाटलं? कारण नको, प्रसंग सांगा."

हा प्रश्न मी जवळजवळ प्रत्येकाला विचारते, आणि त्याला अभ्यासाचा आधार आहे. टॉम ली आणि टेरेन्स मिचेल या अमेरिकी संशोधकांनी 1994 मध्ये एक मांडणी केली. तोवर साधारण समज असा होता, की असमाधान हळूहळू साचत जातं आणि एक दिवस माणूस नोकरी सोडतो. या दोघांनी दाखवलं, की अनेकांच्या बाबतीत आधी एक धक्का बसतो. तो ऑफिसातला असेल किंवा घरातला, वाईट असेल किंवा चांगलाही. त्या धक्क्यानंतर माणूस पहिल्यांदा थांबून स्वतःला विचारतो, "मी इथे का आहे?" राजीनामा कधी कधी त्यानंतर बऱ्याच काळाने येतो. तोवर त्याच्यावर पगार, ट्रॅफिक, कॅन्टीन अशा कारणांचे थर चढलेले असतात.

सुहास बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तसं काही विशेष नाही हो मॅडम. एक रिपोर्ट होता."

मागच्या वर्षीच्या मार्चअखेरची गोष्ट. प्रेसवर एका ब्रॅकेटचं काम चालू होतं आणि भोक पाडणारा पंच झिजला होता. भोकाच्या कडेला बर, म्हणजे खरखरीत धार, येत होती, भोक तपासायचं गो गेज आत जाईना. सुहासनी लॉट होल्ड केला, म्हणजे तो माल अडवून ठेवला, लाल टॅग लावला, रजिस्टरला नोंद केली, प्रॉडक्शनला मेल टाकला. पण महिनाअखेर, डिस्पॅचचं टार्गेट, गाडी गेटवर उभी. रात्री कुणीतरी टॅग काढून माल भरला. चार दिवसांनी कस्टमरची लाइन थांबली. सुहासना दोन मुलं सोबत देऊन कस्टमरच्या प्लांटवर सॉर्टिंगला पाठवलं, रात्रपाळीत. एकेक ब्रॅकेट हातात घ्यायचं, गेज घालायचं, चांगलं इकडे, खराब तिकडे. मॉर्निंग मीटिंगमध्ये ट्रेनी मुलांसमोर प्लांट हेड म्हणाले, "क्वालिटी झोपली होती का?"

मला वाटलं, घाव इथेच बसला. पण सुहासनी ते वाक्य सहज झटकलं. "ते बोलतात हो. त्यांच्यावर पण प्रेशर असतं. माझ्या मुलीच्या ऑपरेशनला त्याच माणसाने रात्री अकराला ॲडव्हान्स मंजूर केला होता."

मग कस्टमरला द्यायचा एट-डी रिपोर्ट तयार झाला. चूक का झाली आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हे त्यात आठ पायऱ्यांत लिहायचं असतं. मूळ कारणाच्या रकान्यात 'इन्स्पेक्टरचं दुर्लक्ष' असं टाइप केलेलं होतं. खाली सही सुहासची हवी होती. "मी म्हटलं, मेल आहे माझ्याकडे. साहेब म्हणाले, मेल राहू दे, कस्टमरला आपली भांडणं दाखवायची का? सही कर, विषय संपव." सुहासनी सही केली.

हे सांगताना ते उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होते. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःचा व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, ड्रॉवरमधून काढलाच नव्हता. नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारातून घेतलेला, तोवर रोज खिशात असणारा. काम ते करत होते, पण कंपनीच्या व्हर्नियरने.

"लोक कंपनी सोडत नाहीत, बॉसला सोडतात" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. सुहासचा त्यांच्या बॉसवर राग नव्हता. ज्या एका गोष्टीवर त्यांनी स्वतःला उभं केलं होतं, ती म्हणजे माझ्या नजरेतून खराब माल जात नाही, तिच्याच विरुद्ध त्यांची स्वतःची सही कागदावर होती. अशी जखम 25 टक्क्यांनी भरत नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1950 च्या दशकात पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे 200 इंजिनिअर आणि हिशेबनिसांशी बोलून हेच नोंदवलं होतं: पगार, वरिष्ठ, नियम हे बिघडले की माणूस नाराज होतो, पण ते सुधारले म्हणून त्याचं कामात मन लागतंच असं नाही. मन लागतं ते कामातल्या यशाने, जबाबदारीने, केलेल्याची दखल घेतली गेल्याने. त्यांच्या मांडणीवर पुढे बरेच वाद झाले, पण कारखान्यातून येणारी माणसं ऐकताना मला ती वारंवार आठवते.

कारण सापडलं म्हणजे लगेच सोडायचं, असं मात्र नाही. बँकेतली एक ताई माझ्याकडे आली होती, सोडायचंच ठरवून. तिचा प्रसंग शोधला तर तो बँकेतला नव्हताच. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला, तो महिना होता. तिला नोकरी नको नव्हती, घराजवळची शाखा हवी होती. बदलीचा अर्ज केला, वेळ लागला, पण झाली. ती अजून नोकरीत आहे.

सुहासच्या बाबतीत प्रश्न होता, झालेलं तिथेच दुरुस्त होईल का? ते एकदा विचारून पाहायला हवं होतं. आम्ही माझ्या खोलीत त्या बोलण्याची तालीम केली. मी प्लांट हेड झाले. पहिल्या दोन वेळा सुहास "सर, तुमचं बरोबर आहे" एवढ्यावरच अडकले. हळूहळू मागणी स्पष्ट झाली. माफी नको. जुना रिपोर्ट बदलणं शक्य नाही हे त्यांनाही माहीत होतं. पण होल्डचा माल जो सोडेल, त्याची सही त्या टॅगवर हवी. एवढंच.

पत्नीला एका भेटीला बोलावलं. तिला हप्त्याची धास्ती होती, आणि ती रास्त होती. अशा वेळी "सगळं ठीक होईल" म्हणण्यापेक्षा कागद-पेन घेतलेलं बरं. 11 वर्षांची सलग सेवा म्हणजे ग्रॅच्युइटीची पाच वर्षांची अट केव्हाच पूर्ण झालेली. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000 धरले, तर त्याला 26 ने भागून 15 ने गुणायचं, म्हणजे एका वर्षाचे 15,000. अकरा वर्षांचे 1,65,000. पीएफ काढायचा नाही, त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा क्रमांक) नव्या कंपनीत ट्रान्सफर करायचा, म्हणजे पेन्शनसाठीची सेवाही जोडली जाते. नवीन ऑफर लेटर हातात आल्याशिवाय पेपर टाकायचा नाही, हे दोघांनी मिळून ठरवलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण तिथे थोडा सैल झाला. रिपोर्टची हकीकत तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. "एवढे महिने तुम्ही एकटेच हे घेऊन बसलात?" ती म्हणाली, आणि मग बराच वेळ तीच बोलत होती.

वडिलांना मात्र पटलं नाही. "आम्ही एका खात्यात जन्म काढला, किती सायबांचं ऐकून घेतलं." त्यांचंही खोटं नव्हतं. पण एसटीत त्यांच्यामागे युनियन होती, पेन्शन होती, आणि चूक कुणाची हे ठरवायला चौकशी तरी होत होती. सुहासकडे एक मेल होता, आणि तोही बाजूला ठेवायला सांगितलेला.

प्लांट हेडनी सुहासचं ऐकून घेतलं. चहा मागवला. "झालं ते झालं रे, तू अजून तेच धरून बसलायस?" म्हणाले. सहीच्या मागणीवर "बघू, ऑडिट झाल्यावर" असं उत्तर मिळालं. ऑडिट झालं, पुढे काही झालं नाही. सुहासनी पुन्हा एकदा विचारलं आणि मग थांबले. त्यानंतर माझ्याकडे आले ते वेगळेच वाटले. सोडायचं हे आता त्यांनी स्वतः ठरवलं होतं, आणि का ते त्यांना एका वाक्यात सांगता येत होतं.

25 टक्क्यांची ऑफर त्यांनी घेतली नाही. तिथल्या मॅनेजरला त्यांनी विचारलं होतं, "होल्ड केलेला लॉट सोडायचा अधिकार कुणाचा?" मॅनेजर म्हणाले, "ते आपण ॲडजस्ट करतो." दुसऱ्या एका कंपनीत हाच प्रश्न विचारल्यावर क्वालिटी हेडनी कपाटातून फाइल काढून फॉर्म दाखवला. त्यावर सोडणाऱ्याच्या नावाचा आणि सहीचा रकाना होता आणि भरलेले जुने फॉर्म मागे लावलेले होते. वाढ 12 टक्के. सुहास तिथे लागले.

कारखानदार मला विचारतात, "मॅडम, आमच्या एक्झिट इंटरव्ह्यूत तर सगळे चांगली संधी मिळाली असंच लिहितात, मग खरं कारण कळायचं कसं?" लिहिणारच ना. रिलीव्हिंग लेटर मिळायचं असतं, उद्या नव्या कंपनीतून चौकशीचा फोन यायचा असतो. 'चांगली संधी' लिहिलं की कुणीच दुखावत नाही. म्हणून मी त्यांना सांगते, गेलेल्याला काय विचारता, जो आहे त्याला विचारा, आणि त्याने लेखी कळवलं असेल तर लेखी उत्तर द्या.

सुहासच्या शेवटच्या आठवड्यात एचआरच्या मुलीने फॉर्म पुढे केला. कारणांच्या यादीत 'चांगली संधी' आणि 'घरगुती' हे पर्याय होते. त्यांनी दोन्ही सोडले आणि खालच्या रिकाम्या जागेत त्या लॉटची तारीख, आपण पाठवलेल्या मेलची तारीख आणि रिपोर्टवर काय लिहिलं गेलं ते लिहिलं. मुलीने विचारलं, "सर, हे असंच ठेवू?" ते म्हणाले, "असंच ठेव." त्यावर त्यांना वरून कुणी काही विचारलं नाही. नोटीस पिरियड पूर्ण करून, हिशेब आणि पत्र घेऊन ते बाहेर पडले.