कोलनवॉटर, कॉलनी आणि स्वतःचं नाव टाकून दिलेले उबी लोक

प्रश्न असा आलाय की लहानपणी ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायचे त्यातलं 'कोलन' म्हणजे काय, ते दोन टिंबांचं कोलन की आपण राहतो ती कॉलनी? आणि त्यालाच जोडून, कोलन हे म्हणे 'उबी' नावाच्या एका रानटी टोळीचं गाव होतं, मग गावाला टोळीचं नाव का नाही पडलं?

सोपं आधी उरकतो. दोन टिंबांचं कोलन ग्रीक आहे, मूळ अर्थ अवयव, त्यावरून वाक्याचा तुकडा. डॉक्टर ज्याला कोलन म्हणतात ते मोठं आतडंही ग्रीकच, पण शब्द वेगळा. दोघांचाही इथे संबंध नाही. कोलनवॉटरमधलं कोलन म्हणजे जर्मनीतलं ऱ्हाईनकाठचं शहर, जर्मन लोक त्याला क्योल्न म्हणतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला योहान मारिया फारिना नावाचा एक इटालियन अत्तरवाला तिथे येऊन राहिला आणि त्याने आपल्या सुगंधी पाण्याला गावाचं नाव दिलं, तेही फ्रेंचमध्ये कारण तेव्हा फॅशनची भाषा ती, 'ओ द कोलोन', म्हणजे कोलनचं पाणी. आपल्या आज्या ज्याला युडीकोलन म्हणायच्या ते हेच.

आणि हो, ते शहराचं नाव म्हणजे शब्दशः आपली कॉलनीच. लॅटिन 'कोलोनिया'. मूळ धातू 'कोलेरे', जमीन कसणे, वस्ती करून राहणे, त्यावरून 'कोलोनुस' म्हणजे कसणारा शेतकरी आणि 'कोलोनिया' म्हणजे अशांची वसाहत. याच धातूतून कल्चर आलं. आणि अजून मागे गेलात तर हा धातू आपल्या संस्कृत 'चर्' चा सख्खा भाऊ आहे, मूळ अर्थ फिरणे, वावरणे, म्हणजे चरणे, चक्र, चाक, कल्चर आणि कॉलनी ही सगळी एकाच घरातली पोरं. उच्चारावरून अजिबात वाटत नाही, पण भाषाशास्त्रात हे आता वादाचं राहिलेलं नाही.

रोमन लोकांची कोलोनिया मात्र नुसती वस्ती नव्हती, तो कायदेशीर दर्जा होता. निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेलं गाव, त्यातले लोक रोमचे नागरिक, गावाला स्वतःचं नगरमंडळ वगैरे. इंग्लंडमधल्या लिंकन शहराच्या नावातलं 'कन' हेही कोलोनियाच, मूळ नाव लिंडुम कोलोनिया. तिथे निदान पुढचं लिंडुम तरी टिकलं, कोलनमध्ये बाकीचं सगळं गळून नुसतं 'कॉलनी' राहिलं, आपण पुण्यात नुसतं 'कॅम्पात चाललोय' म्हणतो ना, तसंच.

गळालं काय ते बघा. पूर्ण नाव होतं 'कोलोनिया क्लाउडिया आरा आग्रिपिनेन्सियम'. क्लाउडिया हे सम्राट क्लॉडियसवरून, आरा म्हणजे वेदी, आणि आग्रिपिनेन्सियम म्हणजे आग्रिपिनावाल्यांची. यात उबी कुठेच नाहीत! आणि खरी गंमत इथेच आहे, कारण शेजारी बघितलं तर उलटं दिसतं. पॅरिस हे नाव परिसी लोकांवरून, र्‍हॅंस रेमी लोकांवरून, ट्रियर ट्रेवेरी लोकांवरून. तिथेही रोमनांनी ऐटबाज नावं दिली होती, ट्रियरचं तर 'आउगुस्टा ट्रेवेरोरम' होतं, पण लोकांच्या तोंडी शेवटी जमातीचंच नाव उरलं. मग उबींचंच का गेलं? माझं मत स्पष्ट आहे, ते कोणी पुसलं नाही, त्यांनी स्वतःच टाकलं, आणि समजून उमजून टाकलं.

उबी मुळात ऱ्हाईनच्या पलीकडचे, म्हणजे पूर्वेकडचे. सीझर लिहितो की हे बाकीच्या जर्मनांपेक्षा जरा सुधारलेले, कारण नदीकाठी राहतात, व्यापारी येतात जातात, शेजारच्या गॉल (आजच्या फ्रान्सकडच्या) लोकांच्या चालीरीती अंगवळणी पडल्यात. पण शेजारी सुएबी हे दांडगट, त्यांना खंडणी देऊन देऊन उबी टेकीला आलेले. इ.स.पू. ५५ मध्ये सीझर नदीवर पोचला तेव्हा पलीकडच्यांपैकी एकट्या उबींनी वकील पाठवून मैत्री केलेली होती, ओलीस दिले होते, वर म्हणाले नदी ओलांडा, लागतील तेवढ्या होड्या आम्ही देतो. सीझरला होडीतून जाणं धोक्याचंही वाटलं आणि रोमच्या इभ्रतीला शोभणारंही वाटलं नाही, म्हणून पठ्ठ्याने दहा दिवसांत लाकडी पूल उभा केला, पलीकडे अठरा दिवस राहिला, गावं जाळली, पिकं कापली आणि परत येताना स्वतःचाच पूल मोडून टाकला. उबींच्या पदरात काय पडलं तर सुएबींचा अजून राग.

पुढे सम्राट ऑगस्टसचा उजवा हात मार्कुस आग्रिप्पा याने उबींना नदी ओलांडून अलीकडे, पश्चिम काठावर आणून वसवलं, साधारण इ.स.पू. ३८ च्या आसपास, काही अभ्यासक इ.स.पू. १९ म्हणतात. ही जागा रिकामी का होती तर एबुरोनेस नावाच्या लोकांना सीझरने जवळजवळ संपवलं होतं म्हणून, हेही विसरायला नको. रोमन इतिहासकार टॅसिटस म्हणतो उबींना काठावर ठेवलं ते पहारा करायला, त्यांच्यावर पहारा ठेवायला नव्हे. गावाला तेव्हा 'ओपिडुम उबियोरम', उबींचं शहर, असंच म्हणायचे, म्हणजे नाव होतं! मग तिथे रोमनांनी सगळ्या जर्मनीसाठी म्हणून एक मोठी वेदी उभारली, 'आरा उबियोरम', नावातलं 'आरा' ते हेच. तिथला पुजारी सेगिमुंडुस हा खेरुस्की जमातीचा तरुण, इ.स. ९ मध्ये पलीकडे बंड झालं तसा पुजारीपणाच्या डोक्याच्या पट्ट्या फाडून टाकून बंडखोरांना जाऊन मिळाला. उबी मात्र जागचे हलले नाहीत.

वेदीच्या या गावात इ.स. १५ च्या सुमाराला सेनापती जर्मानिकुसला मुलगी झाली, आग्रिपिना. त्या आग्रिप्पाची ही पणती नव्हे, नात, आईकडून. हीच पुढे क्लॉडियसची बायको (तो तिचा सख्खा काका, रोमन राजघराण्याची नाती लावत बसू नये, डोकं दुखतं आणि मग खरंच कोलनवॉटर लागतं) आणि नीरोची आई. इ.स. ५० मध्ये तिने नवऱ्याकडून आपल्या जन्मगावाला कोलोनियाचा दर्जा मिळवून दिला, जुने सैनिक आणून वसवले, आणि गावाच्या नावात स्वतःचं नाव घातलं. तेव्हापासून तिथले लोक 'आग्रिपिनेन्सेस'.

आता टॅसिटसचं दुसरं वाक्य, 'जर्मानिया' या त्याच्या पुस्तकातलं. तो म्हणतो, उबींना कोलोनियाचा मान मिळाला आणि ते स्वतःला आग्रिपिनेन्सेस म्हणवून घेणं जास्त पसंत करतात, तरी आपल्या मुळाची लाज ते बाळगत नाहीत. 'जास्त पसंत करतात' हे लक्षात घ्या. आणि हे नाव नुसतं मिरवायचं नव्हतं, महागातही पडलं. इ.स. ६९ मध्ये बटावी लोकांचा पुढारी सिविलिस याने रोमविरुद्ध बंड केलं तेव्हा बाकीच्या जर्मनांचा सगळ्यात जास्त दात उबींवर, का तर जर्मन असून मायभूमी सोडली आणि रोमन नाव लावलं. नदीपलीकडच्या टेंक्टेरी नावाच्या जर्मन जमातीने वकील पाठवले, तटबंदी पाडा, तुमच्या हद्दीतले सगळे रोमन मारा, तरच तुम्ही आमचे. यावर उबींचं उत्तर वाचण्यासारखं आहे. म्हणाले, इथे आलेले रोमन आमच्याशी लग्नसंबंधाने जोडलेत, त्यांना इथे पोरंबाळं झालीत, त्यांचाही हाच देश, आम्ही आमचेच आईबाप, भाऊ, लेकरं मारावीत असं तुम्ही म्हणाल इतके तुम्ही वाईट नाही. जकात काढून टाकतो, नदीपलीकडून पहाऱ्याशिवाय या, पण दिवसा या आणि हत्यार न घेता या. असं गोड बोलून वेळ काढला. आणि पारडं फिरल्यावर त्यांच्याच हद्दीत टोल्बियाकुम इथे, आजचं त्सुल्पिख, सिविलिसची एक तुकडी होती तिला भरपूर जेवण आणि दारू पाजून झोपवलं, दारं बंद केली आणि आग लावली. नातेसंबंधावरचं ते सुंदर उत्तर आणि ही आग, दोन्ही एकाच वर्ष-दीड वर्षातलं.

हे सगळं अर्थात रोमन माणसाने लिहिलेलं, भाषणंसुद्धा टॅसिटसच्या लेखणीतली. उबींचं स्वतःचं जे काही आहे ते दगडांवर. ऱ्हाईनकाठी 'मात्रोने' नावाच्या देवींचे शेकडो कोरीव दगड सापडलेत, तीन बायका एका बाकावर, मांडीवर फळांच्या टोपल्या, कडेच्या दोघींच्या डोक्यावर टोपल्याएवढ्या मोठ्या गोल टोप्या आणि मधली मोकळ्या केसांची तरुण मुलगी. त्या टोप्या म्हणजे उबी लग्न झालेल्या बायकांचा पेहराव असं मानतात. लेख लॅटिनमध्ये, पण देवींची विशेषणं बघा, 'वाकालिनेहे' वगैरे, लॅटिन शेपूट लावलेली जर्मॅनिक नावं. मात्रोना आणि आपल्या मातृका यांचं मूळ एकच, 'मातृ'. एका थडग्यावर तर 'लौबा, गास्टिनासची मुलगी, उबी' असं कोरलंय, म्हणजे तिच्या लेखी जमातीचं नाव अजून जिवंत होतं. हे 'लौबा' म्हणजे प्रिय, लाडकी, जर्मन 'लीब', इंग्रजी 'लव्ह', आणि संस्कृत 'लुभ्', म्हणजे आपण पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहायचो तो लोभ. आपल्याकडे आता लोभी माणूस वाईट, पण पत्रातल्या त्या लोभात जुना अर्थ शाबूत राहिलाय.

नंतर लांबलचक नावाची झीज झाली, आग्रिपिनाही गेली, कोलोनिया उरली. उबी आज तिथे 'उबियररिंग' या रस्त्याच्या आणि त्याच नावाच्या ट्राम स्टॉपच्या पाटीवर आहेत, ती पाटी अर्थात आधुनिक काळातली.

राहिला प्रश्न मराठीत लिहायचं कसं. लॅटिन अनेकवचन 'उबिई' आहे, पण मराठीत 'उबी' पुरे, आणि ऊबेशी त्याचा काडीचा संबंध नाही. 'रानटी टोळी' मात्र नका लिहू. टोळी म्हटलं की दरोडेखोर डोळ्यासमोर येतात, आणि जकात नाके चालवणाऱ्या, नदीच्या एका काठाला एक आणि दुसऱ्या काठाला एक बोलू शकणाऱ्या या लोकांना रानटी म्हणणं तर सीझरलाही जमलं नव्हतं. 'उबी जमात' किंवा सरळ 'उबी लोक' लिहा.