युद्ध नसताना जनरल कसा घडतो?

पत्र (थोडक्यात): "मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शिक्षक आहे. मुलगा अकरावी सायन्सला आहे. गणित चांगलं आहे, जेईईचा क्लास चालू आहे. एका व्याख्यानात त्यानं लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांच्याबद्दल ऐकलं आणि तेव्हापासून 'मला जनरल व्हायचंय' एवढंच धरून बसलाय. मला त्याला अडवायचं नाही. पण थोरातांच्या पिढीला महायुद्ध मिळालं, आताच्या मुलांना वर चढायला काय मिळणार? आणि मध्येच अडकला तर पन्नाशीत काय करायचं? धाकटी नववीत आहे, दादाचं ऐकून तीही आता तेच म्हणते."

सर, नमस्कार.

चिरंजीवांनी माणूस चांगला निवडलाय. पण व्याख्यानात बहुधा रणांगणच जास्त आलं असावं. जानेवारी १९४५ मधली ब्रह्मदेशातली कांगॉची लढाई, तिथली पलटण, तिथं मिळालेला डीएसओ हा ब्रिटिश शौर्य सन्मान, हे सगळं सांगायला रंगतदार आहेच. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला मात्र त्यानंतरच्या सोळा वर्षांत दिसतं.

१९५३ मध्ये कोरियातली लढाई थांबली आणि एक विचित्र पेच उभा राहिला. २२,००० हून अधिक चिनी आणि उत्तर कोरियाई युद्धकैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते. त्यांचं काय करायचं हे ठरेपर्यंत त्यांना सांभाळायचं काम भारताकडे आलं. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष झाले आपले लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या, आणि प्रत्यक्ष पहारा देणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख झाले थोरात. दलात माणसं सहा हजारांच्या आसपास. कैद्यांमध्ये आतून संघटना बांधलेल्या, घोषणा, दगडफेक, हाणामाऱ्या. एकदा तर कैद्यांनी एका भारतीय मेजरलाच कुंपणाच्या आत ओढून नेलं. गोळीबाराचा हुकूम देणं सोपं होतं, आणि दिला असता तर कुणी फारसा दोषही दिला नसता. थोरात निःशस्त्र आत गेले, कैद्यांच्या म्होरक्यांशी बोलले आणि आपला अधिकारी सोडवून बाहेर आले.

यात शत्रू नाही, जिंकायचा प्रदेश नाही. माथी भडकलेली माणसं, हाताखालचे थकलेले जवान, वर आंतरराष्ट्रीय राजकारण, आणि आपला तोल सांभाळायचा. गेल्या सत्तर वर्षांत आपल्या सैन्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वाट्याला मोठी युद्धं थोडी आणि अशी कामं भरपूर आली आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीत कमिशन घेतलेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार यांना १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळालं, पण जगानं त्यांना ओळखलं ते १९९२-९३ मध्ये फुटत्या युगोस्लाव्हियातल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख म्हणून.

थोरातांच्या कथेचा पुढचा भाग व्याख्यानात आला होता का, ते चिरंजीवांना जरूर विचारा. १९५७ मध्ये ते पूर्व विभागाचे सेनापती झाले. ईशान्य सीमेवर चीनपासून धोका आहे, सैन्य अपुरं आहे, हे त्यांनी १९५९ मध्ये लेखी मांडलं. मार्च १९६० मध्ये लखनौत त्यावर मोठा युद्धसरावही घेतला. वर ते कुणी मनावर घेतलं नाही. पुढचे लष्करप्रमुख थोरात व्हावेत असं तेव्हाचे लष्करप्रमुख थिमय्या यांचं मत होतं, नेमणूक मात्र पी. एन. थापर यांची झाली. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी चीनशी युद्ध होऊन काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

म्हणजे ज्याच्याकडे युद्धातलं पदक होतं, कोरियाचा अनुभव होता आणि ज्याचा अंदाजही खरा ठरला, तो लष्करप्रमुख झाला नाही. १९८३ मध्ये उलट्या बाजूनं हेच घडलं. ज्येष्ठतेत पुढे असलेल्या लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हांना बाजूला ठेवून अरुणकुमार वैद्यांना प्रमुख केलं गेलं. सिन्हांनी राजीनामा दिला. वैद्य लायक नव्हते असं कुणी म्हणणार नाही; दोन महावीरचक्रं होती त्यांच्याकडे. पण शेवटच्या खुर्चीचा हिशेब नुसत्या लायकीनं सुटत नाही. जन्मतारीखही आडवी येते. लष्करप्रमुख वयाच्या ६२ व्या वर्षापर्यंत किंवा तीन वर्षं, यांतलं जे आधी येईल तोपर्यंत पदावर राहतो. त्यामुळे योग्य वेळी योग्य पदावर असणं आणि वयाची तेवढी वर्षं शिल्लक असणं, दोन्ही जुळावं लागतं.

आता शिडी कशी असते ते सांगतो, कारण पालकांना ती बहुतेक वेळा चुकीची सांगितली जाते. लेफ्टनंट म्हणून सुरुवात. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. इथपर्यंत काळाप्रमाणे बढती मिळते. ठरलेले कोर्स आणि परीक्षा झाल्या आणि गंभीर काही घडलं नाही की झालं. खरी चाळणी त्यानंतर लागते. कर्नलपदासाठी निवड मंडळ बसतं, आणि पुढे ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल अशा प्रत्येक पायरीवर पुन्हा बसतं. सैन्यात अधिकारी चाळीस हजारांच्या घरात आहेत आणि लेफ्टनंट जनरल शंभराच्या आसपास.

या मंडळासमोर जातं काय? मुख्यतः वर्षानुवर्षांचे गोपनीय अहवाल. सियाचीनच्या चौकीवर कंपनी कशी सांभाळली, वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजची प्रवेश परीक्षा काढली का, महूच्या लष्करी प्रशिक्षण संस्थेतल्या कोर्समध्ये श्रेणी काय आली, बटालियनची कमान मिळाली तेव्हा युनिट कसं राहिलं. युद्ध झालं तर त्याची नोंद होते, पण तीस वर्षांच्या सेवेत युद्धाचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असू शकतात. बाकीचे सगळे दिवस रजेचे अर्ज, वाहनांची तपासणी, फायरिंग रेंज, जवानाच्या घरचा जमिनीचा वाद, रात्री दोनला आलेला फोन. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं तो मेजरपदापर्यंतच आतून वैतागलेला असतो. म्हणून मी मुलांना जनरलपदाचं स्वप्न विचारत नाही. पंचविसाव्या वर्षी ३० जवानांची प्लाटून घेऊन बर्फात तीन महिने राहायला आवडेल का, एवढंच विचारतो. त्याला मनापासून होकार असेल तर पुढचं बोलायला अर्थ आहे.

अडकला तर काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. कर्नलच्या निवडीत नाव आलं नाही तरी घरी पाठवत नाहीत. तीनदा विचार होतो, आणि तरीही जमलं नाही तर २६ वर्षांच्या सेवेनंतर काळाप्रमाणे कर्नल हा हुद्दा मिळतो. लढाऊ शाखांतला कर्नल साधारण ५४ व्या वर्षी निवृत्त होतो, ब्रिगेडियर ५६ व्या, मेजर जनरल ५८ व्या, लेफ्टनंट जनरल ६० व्या. वीस वर्षं सेवा झाली की निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो, त्यामुळे बेचाळिशीत बाहेर पडून दुसरं काम सुरू करणारेही बरेच आहेत. पैशाची काळजी नको. सुपरसीड झालेल्या, म्हणजे बढतीत मागे पडलेल्या माणसाला आपल्याच बॅचमेटला सलाम करावा लागतो, काळजी करायची तर त्याची करा. त्याची मनाची तयारी लागते आणि ती कुठल्याही क्लासमध्ये होत नाही.

जेईईचा क्लास बंद करू नका. सैन्यातल्या बारावीनंतरच्या टेक्निकल एंट्रीला जेईई मेन लागते आणि फिजिक्स, केमिस्ट्री, गणितात ६० टक्के लागतात. तिथून इंजिनिअर होऊन अधिकारी होता येतं. इंजिनिअर अधिकारी वर जात नाहीत हा समज जुना झाला. नागपूरचे मनोज पांडे बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर पलटणीतून आले आणि २०२२ मध्ये लष्करप्रमुख झाले. एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, गणिताला ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीला ६०० गुण. गणित चांगलं असलेल्या मुलाचा घात इंग्रजी आणि सामान्य ज्ञान करतात, तिकडे आत्तापासून बघा. लेखी परीक्षा झाली की पाच दिवसांचं एसएसबी, म्हणजे निवड मंडळापुढच्या चाचण्या आणि मुलाखत, ९०० गुणांचं. बरेच जण तिथं पहिल्याच दिवशी परत येतात. त्यात गैर काही नाही, पुन्हा बसता येतं. डोळे, रंगदृष्टी आणि सपाट तळवे मात्र आधीच दाखवून घ्या. दोन वर्षं तयारी करून वैद्यकीय तपासणीत बाद होणारी मुलं मी पाहिली आहेत.

धाकटीचं ऐकून बरं वाटलं. एनडीएत मुलींचा प्रवेश २०२२ पासून सुरू झाला, पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. इन्फंट्री आणि चिलखती दल अजून मुलींना खुलं नाही, आणि वरच्या कमानी बऱ्याचदा तिथल्या अनुभवावर मिळतात, हे तिला आज माहीत असावं. ती तिशीत पोचेपर्यंत नियम बदललेले असू शकतात. दहावीनंतर नाशिकला मुलींची शासकीय सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, तिची प्रवेश परीक्षा तिनं द्यावी. चिरंजीवांसाठी छत्रपती संभाजीनगरच्या अशाच मुलांच्या संस्थेची वेळ मात्र गेली. तिथंही प्रवेश दहावीनंतरच असतो.

तुमच्या भागात निवृत्त फौजी शोधायला लांब जावं लागणार नाही. एखाद्या कर्नलसाहेबांकडे आणि एखाद्या सुभेदारांकडे चिरंजीवांना वेगवेगळं तासभर बसवा. साहेबांना लेफ्टनंट म्हणून गेलेलं पहिलं वर्ष विचारायचं, आणि सुभेदारांना विचारायचं की जवान कुठल्या अधिकाऱ्याचं मनापासून ऐकतात. तुम्ही सोबत जाऊ नका. पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या.